वजनाचा काटा आणि आजी-आजोबांचे ऑपरेशन

आपल्या पेडण्यातील घरांतून कुणी ना कुणी वडीलधारे माणूस ऑपरेशनसाठी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत जात असते. कुणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते, कुणाला गुडघा बदलायचा असतो. अशा वेळी जाड आजीला सगळे सांगतात, "खाणे कमी कर." बारीक आजोबांची मात्र कुणी काळजी करीत नाही.

जाडीचे धोके खरे आहेत. जखमेत पू होणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, भूल दिल्यावर श्वासाला त्रास होणे हे स्थूल रुग्णांत अधिक आढळते. परंतु म्हातारपणी बारीकपणाही तितकाच घातक ठरू शकतो. जखम भरण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. आहारातून ती पुरेशी मिळाली नाहीत, तर शरीर आपलेच स्नायू मोडून ती घेते. ज्याच्याकडे ही शिल्लक नाही, त्याला उठून चालायला उशीर लागतो.

ही शिल्लक काट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती! म्हणून जाड दिसणाऱ्या आजीचे स्नायूही आतून झिजलेले असू शकतात. तिला ऑपरेशनच्या तोंडावर उपाशी ठेवणे योग्य नव्हे. वजन उतरवायचेच असेल तर ते वेळ हाताशी ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावे.

ऑपरेशननंतर आपण दोन गोष्टी मायेपोटी करतो : नुसती पेज देतो आणि "पडून राहा" म्हणतो. पहिले एक-दोन दिवस पेज ठीक; पण तिच्यात प्रथिने फार थोडी. वृद्धांना सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, आजारपणात त्याहून थोडी अधिक. म्हणजे ५० किलोच्या आजोबांना निदान ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. डॉक्टरांनी जेवणाची मुभा दिली की मुगाचे वरण, कुळथाची पिठी, दही, अंडे, मासळी ताटात यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

पडून राहण्याचीही किंमत असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू घटले. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी देताच हात धरून त्यांना चालवावे.

विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांचे वजन दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ते ६० किलोंवरून ५४ वर आले, तर ती दहा टक्के घट झाली. वही घेऊन आई-बाबांना लगेच सांगा, आणि ऑपरेशन ठरले असेल तर डॉक्टरांनाही दाखवा.