गोफणीचा दगड कुठे पडतो?

श्रोतेहो, ज्वारी हुरड्यात आली की पाखरांची धाड पडते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आता सोयाबीन आणि कपाशी पुष्कळ झाली. तरी ज्वारीचे वावर म्हटले की मचाण आणि गोफण डोळ्यांपुढे येतेच. आता असे पाहा, मचाणावरून दगड अगदी आडवा सुटला, तर तो किती वेळात भुईला लागेल? पुष्कळांना वाटते, जोर जास्त तितका तो हवेत जास्त वेळ राहील. पण तसे होत नाही.

दगडाला एकाच वेळी दोन गती असतात. गोफणीचा वेग त्याला पुढे नेतो, पृथ्वीची ओढ खाली आणते. ह्या दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत. पुढची गती जवळजवळ कायम राहते. खालची दर सेकंदाला सुमारे १० मीटरने वाढत जाते. म्हणून वाट वाकते. ह्या वाटेला अन्वस्त म्हणतात. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात ती उलगडून दाखवली.

हिशेब सोपा आहे. सपाट वावरात दगड ५ मीटर उंचीवरून सुटला, तर खाली यायला १ सेकंद लागतो. नुसता हातातून सोडला तरी तेवढाच! वेग सेकंदाला २० मीटर असेल तर तो २० मीटरवर पडेल, ३० असेल तर ३० मीटरवर. हवेच्या अडथळ्याने थोडे कमी, इतकेच. म्हणजे वेळ ठरवते उंची. अंतर ठरते वेग आणि वेळ मिळून.

आणि दगड पडता पडता थकतो, हा समज धोक्याचा आहे बरे! भुईजवळ त्याचा पुढचा वेग ३० असतोच, वर खालचा १० मिळतो. एकूण वेग ३० हून थोडा वाढलेलाच असतो. किंचित वर मारला तर तो आणखी पुष्कळ लांब जातो. तेव्हा पांदीने शाळेची पोरे जात असतील, तर त्या अंगाला गोफण फिरवू नये.

गुरुजींनी वर्गात एवढे करावे. टेबलाच्या काठावर पट्टी तिरकी ठेवून तिचे एक टोक बाहेर काढावे. त्या टोकावर एक नाणे, आणि पट्टी व काठ यांच्या बेचक्यात दुसरे ठेवावे. पट्टी दुसऱ्या नाण्याकडे झटक्याने सरकवावी. एक नाणे सरळ खाली पडेल, दुसरे लांब उडेल. मुलांना डोळे मिटून ऐकू द्या: आवाज एकच येईल.