रक्ताचे चार ठिपके आणि तीन चाळण्या: नवजात बाळात सिस्टिक फायब्रोसिस कसा शोधतात?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. नेहमीचा डिस्क्लेमर आधीच: मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सिस्टीम कशी चालते आणि कुठे फसते, एवढंच मी सांगणार. बाळाबद्दलचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

समजा, तुमची ताई अमेरिकेत आहे. बाळ दोन आठवड्यांचं झालंय आणि फोन येतो: "बाळाची सिस्टिक फायब्रोसिसची स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आहे, पुढच्या तपासणीला या." घरात लगेच रडारड, गूगल, व्हॉट्सअॅप. पण या फोनचा नेमका अर्थ काय? आणि फोन आलाच नाही, तर निश्चिंत व्हायचं का? आज या दोनच प्रश्नांवर बोलूया.

आधी आजार

आपल्या सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक आहे. पेशींतून क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या एका घटकाची, ये-जा सांभाळणारं दार हे जनुक बनवतं. दार बिघडलं की शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. फुप्फुसात कफ साचून सारखा जंतुसंसर्ग होतो. स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून बाळ दूध पिऊनही वजन धरत नाही. आणि घाम जास्त खारट होतो.

आई-वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो फक्त वाहक, म्हणजे कॅरिअर. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता.

पहिली चाळणी: रक्त

जन्मानंतर एक-दोन दिवसांत बाळाची टाच टोचून रक्ताचे काही ठिपके जाड फिल्टर पेपरवर घेतात. ही पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात दुसऱ्या एका आजारासाठी रुजवली. सिस्टिक फायब्रोसिससाठी तिचा उपयोग होईल, हे १९७९ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं.

त्या ठिपक्यात आयआरटी मोजतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्या की ट्रिप्सिनोजेन हा पदार्थ रक्तात झिरपतो आणि आयआरटीचा आकडा वाढतो. अडचण अशी की अवघड बाळंतपण, कमी दिवसांचं बाळ अशा इतर कारणांनीही तो वाढतो.

आता इंजिनिअरला आवडेल असा प्रश्न: अलर्ट कितीवर वाजवायचा? काही राज्यं ठरावीक आकडा धरतात. पण उन्हाळ्यात, दमट हवेत कागदावरचा आयआरटी कमी होतो. मग तोच आकडा हिवाळ्यात ठीक आणि उन्हाळ्यात आजारी बाळ सोडून देणारा ठरू शकतो. म्हणून काही ठिकाणी "त्या दिवसाच्या नमुन्यांतले वरचे ४ टक्के" असा सरकता निकष ठेवतात. दहा हजार बाळं धरली तर ४०० पुढे जातात. प्रत्यक्ष आजार असतो जेमतेम दोघा-तिघांना! म्हणजे ही चाळणी मुद्दाम सैल ठेवलीय.

दुसरी चाळणी: डीएनए

त्याच कागदावरच्या रक्तातून सीएफटीआरमधले ठरावीक बदल शोधतात. याला म्हणतात पॅनेल. त्यात एक किंवा दोन बदल सापडले की फोन येतो. एकच सापडलेली बहुतेक बाळं नुसती वाहक निघतात.

तिसरी चाळणी: घाम

निदान बहुतेक वेळा इथे पक्कं होतं. हातावर औषध लावून अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात, घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त म्हणजे आजार, ३० पेक्षा कमी म्हणजे शक्यता फार कमी, आणि मधल्या आकड्याला पुढची तपासणी आणि लक्ष ठेवणं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: फोन म्हणजे निदान नव्हे. पण घामाची तपासणी "नंतर बघू" म्हणून टाळायचीही नाही.

पॅनेलमध्ये कोण बसतं?

आता दुसरा प्रश्न, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा. सीएफटीआरमधले दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेलेत. बरीच पॅनेल त्यातले मोजकेच शोधतात, आणि ती यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून बनली. त्यांच्यात एफ५०८डेल हा एकच बदल प्रचंड आढळतो. भारतीय वंशाच्या रुग्णांमध्ये त्याचं प्रमाण बरंच कमी, आणि बाकीचे बदल पॅनेलबाहेरचे असू शकतात. टेस्ट डेटा एका गटाचा आणि युजर्स सगळ्या जगाचे, तसलाच हा प्रकार. परिणाम? आशियाई, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक बाळं निसटण्याची किंवा उशिरा सापडण्याची शक्यता जास्त.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कार्यक्रम सुरू करताना यावर एक उपाय केला. पॅनेलमध्ये एकच बदल सापडला तर जनुकाचं सविस्तर वाचन करायचं. तरी पॅनेलमध्ये एकही बदल न सापडलेलं बाळ निसटू शकतंच.

एवढा खटाटोप कशाला?

विस्कॉन्सिनमध्ये १९८५ ते १९९४ या काळात साडेसहा लाख बाळांवर मोठी चाचणी झाली. एका गटाचा निकाल लगेच कळवला. दुसऱ्या गटाचा, पालकांनी विचारल्याशिवाय, चार वर्षांपर्यंत राखून ठेवला. लवकर निदान झालेल्या मुलांची उंची आणि वजन जास्त चांगलं राहिलं. २०१० पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत ही तपासणी सुरू झाली. लवकर कळलं की पाचक एन्झाइम, जास्त कॅलरी, मीठ आणि छातीची काळजी लगेच सुरू करता येते. आता तर बिघडलेल्या दारावरच काम करणारी औषधं आहेत. पण ती कोणाला लागू पडतील, हे जनुकातला बदल नेमका कोणता यावर ठरतं.

भारतात मात्र प्रत्येक बाळासाठी अशी देशव्यापी तपासणी नाही. त्यामुळे इथे लक्षणं ओळखणं हीच पहिली चाळणी.

लक्षात ठेवा

स्क्रीनिंग निगेटिव्ह असली, किंवा झालीच नसली, आणि तरी बाळाचं वजन वाढत नाही, शी तेलकट आणि फार दुर्गंधीची होते, खोकला-न्यूमोनिया परत परत होतो, पापा घेतला की कातडी खारट लागते, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "घामाची क्लोराइड तपासणी करायची का?" जुना निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून कोणी विषय संपवू लागलं, तर पॅनेलमध्ये कोणते बदल तपासले होते तेही विचारा.

घरात कोणाला बाळ होणार असेल तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!