सवाल त्याचा, जबाब तिचा
लोकसंगीतातील नवरा-बायकोच्या जोड्या आणि झाडीपट्टीचा रिकामा कोपरा

गोंदिया (प्रतिनिधी) - भाऊबीज आटोपली की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, गोवाऱ्यांचे नृत्य, पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. धानाची कापणी संपत आलेली असते, हातात थोडा पैसा खुळखुळत असतो आणि थंडीही सोसवेल इतकीच असते. अशा रात्री मंचावर नवरा-बायकोचे भांडण हमखास रंगते. ती त्याला दारूवरून बोलते, तो तिला माहेरावरून टोमणे मारतो आणि ढोलकीच्या प्रत्येक आवर्तनावर प्रेक्षक हसून लोटपोट होतात. गंमत अशी की, परंपरेने या भांडणातली बायकोही पुरुषच असते. लुगडे नेसलेला, पायांत चाळ बांधलेला नाच्या.

नवरा-बायकोने मिळून गाणे, वाजवणे, गाणी रचणे ही जगभरच्या लोकसंगीतातील एक जुनी रीत आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ संगीतात ती आहे, शेजारच्या छत्तीसगडात आहे, महाराष्ट्राच्या शाहिरीतही आहे. मग झाडीपट्टीच्या मंचावर बायकोची जागा इतकी वर्षे पुरुषाने का भरून काढली? आणि जिथे खरी जोडी उभी राहिली, तिथे तिला त्याची काय किंमत मोजावी लागली? हे प्रश्न केवळ कलेपुरते नाहीत. गाणे कोणाच्या नावावर जमा होते, बिदागी कोणाच्या हाती पडते आणि रात्री बाहेर राहण्याची मुभा कोणाला असते, हे सारे त्यांत गुंतलेले आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तिच्या पूर्व टोकाला आहे. येथे झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला. दंडार हा मूळचा गावातल्या हौशी पुरुषांचा खेळ. खडी गंमत नावाप्रमाणे उभ्यानेच करायची. शाहीर, त्याचे साथीदार, नाच्या, सोंगाड्या आणि समोर प्रतिस्पर्धी पार्टी. एका बाजूने सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूने जबाब द्यायचा, असे पहाटेपर्यंत चालते. कलगी-तुऱ्याची जुनी चुरस या सामन्यांत मुरलेली आहे.

याचा अर्थ येथील बायका गात नव्हत्या असा मुळीच नाही. आषाढात रोवणीला उतरलेल्या बायका चिखलात वाकून पऱ्हे रोवताना गातच असतात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. देवरी, सालेकसा भागातील गोंड समाजात रेला गीतांवर मुले-मुली एकत्र फेर धरतात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडला लाखो आदिवासी भाविक जमतात, तेव्हा तेथील गाण्यांत बायकांचा आवाज वेगळा काढून दाखवावा लागत नाही. शेतात, अंगणात, देवाच्या वाटेवर बाई गाते. प्रश्न आहे तो तिकीट लावलेल्या किंवा बिदागी ठरलेल्या मंचाचा. जिथे गाण्याचा पैसा होतो, तिथे ती उशिरा आली.

कारण उघड आहे. रात्रभर चालणारा खेळ, परगावचा मुक्काम आणि ‘नाचणारी’ या शब्दाला चिकटलेला कलंक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांनी पुढे स्त्री-भूमिकांसाठी नागपूर आणि अन्य शहरांतून अभिनेत्री आणल्या, त्यालाही हेच कारण होते. गावातल्या मुलीला मंचावर चढवण्यापेक्षा परक्या बाईला रात्रीचे मानधन देणे गावाला सोपे वाटले.

याच अडचणीवर लग्न हा जगभर सापडलेला एक व्यवहारी तोडगा आहे. नवरा सोबत असला की बाईच्या प्रवासाला समाज फारसे बोट लावत नाही. शिवाय दोघांचे मानधन एकाच घरात येते, तालमीला वेगळी जागा लागत नाही आणि संसारातली भांडणे गाण्याला आयता मजकूर पुरवतात. अमेरिकेत 1904 मध्ये गर्ट्रूड प्रिजेट या तरुण गायिकेने विल रेनी या फिरत्या कलावंताशी लग्न केले आणि ही जोडी दक्षिणेतील तंबूच्या खेळांतून गाऊ लागली. पुढे ‘मा रेनी’ म्हणून तिची ख्याती इतकी झाली, की तिला ‘ब्लूजची आई’ म्हटले जाते. विल रेनी मात्र तिचा नवरा म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला.

ब्लूज म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. गुलामगिरी संपल्यावरही वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीयांनी शेतातल्या हाकाऱ्यांतून, प्रार्थनेतून आणि फिरत्या गवयांच्या गाण्यांतून ते घडवले. त्याचे प्रचलित कडवे तीन ओळींचे असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा घोळवायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. मधल्या मोकळ्या जागेत गिटार उत्तर देते. पोवाड्यातील झीलकरी शाहिराची ओळ झेलून घेतात, तसेच काहीसे. जात्यावरच्या ओवीशीही त्याचे नाते लावता येईल. आपल्याकडे ग्रामीण महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. फरक इतकाच की, ओवी ऐकायला जाते असते आणि ब्लूजला पैसे देणारा श्रोता मिळाला.

तो श्रोता मिळाल्यावर काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस ज्यो. 1929 मध्ये या दांपत्याने ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. मिसिसिपी नदीला 1927 मध्ये आलेल्या महापुरात बांध फुटले आणि लाखो लोक बेघर झाले, त्यात कृष्णवर्णीय मजुरांचे हाल सर्वाधिक झाले. गाणे त्या पुराचे आहे. आवाज ज्योचा, गिटार दोघांची. मिनी त्या काळातील निष्णात गिटारवादकांपैकी एक होती. पुढे पाच-सहा वर्षांत दोघे विभक्त झाले. 1971 मध्ये लेड झेपलिन या इंग्लिश रॉक चमूने तेच गाणे नव्या थाटात आणले, तेव्हा श्रेयनामावलीत आपल्या नावांसोबत मेम्फिस मिनीचे नाव घातले. ज्यो मॅककॉयचे गाळले. मूळ गाण्यातला आवाजच श्रेयातून बाद झाला. जोडीचे गाणे वाटायची वेळ आली की हिशेब असे चुकतात. बहुतेक वेळा ते बाईच्या विरुद्ध चुकतात, एवढाच फरक.

आपल्याकडील शाहीर कृष्णराव साबळे यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाई तालुक्यातील पसरणी येथे 1923 मध्ये जन्मलेल्या साबळे यांचा आवाज महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांची पत्नी भानुमती या स्वतः कवयित्री होत्या आणि शाहिरांच्या कार्यक्रमांसाठी त्यांनी गीते लिहिली. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. शाहिरांना 1998 मध्ये पद्मश्री मिळाली, 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. भानुमतींचे नाव बहुसंख्य श्रोत्यांना कळले ते 2023 च्या ‘महाराष्ट्र शाहीर’ या चित्रपटातून. शाहिरांचे नातू केदार शिंदे यांनी तो दिग्दर्शित केला आणि भानुमतींची भूमिका त्यांची कन्या सना शिंदे हिने केली. गाणे ओठांवर असते, त्याची लेखिका मात्र पडद्यावर येईपर्यंत अनोळखी राहते, हे आपल्या रसिकतेला फारसे भूषणावह नाही.

गोंदियाहून हावडा मार्गावर निघालेली गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकून डोंगरगडवरून राजनांदगावला पोहोचते. तिथला ‘नाचा’ हा आपल्या खडी गंमतीचा सख्खा शेजारी. तिथेही स्त्री-भूमिका करणारा पुरुष असतो. त्याला ‘परी’ म्हणतात आणि विनोद करणाऱ्याला ‘जोक्कड’. राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाचाची संघटित पार्टी उभी केली. पुढे हबीब तन्वीर यांनी या नाचातलेच कलावंत आपल्या ‘नया थिएटर’मध्ये घेतले. ही संस्था त्यांनी 1959 मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह स्थापन केली होती आणि हेही एक नाट्यदांपत्यच. 1975 च्या ‘चरणदास चोर’ने ही मंडळी जगभर पोहोचली. देवार या भटक्या गायक समाजातून आलेल्या फिदाबाई मरकाम यांच्यासारख्या स्त्रियांना या मंचावर सन्मानाची जागा मिळाली.

याच नया थिएटरमध्ये दीपक तिवारी आणि पूनम तिवारी या दांपत्याने एकत्र काम केले. दीपक यांनी नंतरच्या काळात चरणदासची भूमिका केली. पूनम अभिनयाबरोबर गायनासाठीही ओळखल्या जातात. राजनांदगावला परतून दोघांनी आपली मंडळी उभी केली. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा तरुण मुलगा, तोही कलावंतच, अकाली गेला. त्याच्या पार्थिवाशेजारी बसून पूनम यांनी साथीदारांसह ‘चोला माटी के हे राम’ हे नया थिएटरचे गाणे गायले. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ते पाहून काहींना नवल वाटले. पण ज्या घरात तालीम आणि संसार यांच्यामध्ये भिंतच नव्हती, त्या घरात शोकही गाण्यातूनच यायचा. लोकसंगीतातील दांपत्याकडे हौस म्हणून पाहणाऱ्यांनी ती चित्रफीत एकदा नीट ऐकावी.

महाराष्ट्रातील अलीकडची सर्वाधिक चर्चिली गेलेली जोडी म्हणजे शीतल साठे आणि सचिन माळी. पुण्यात 2002 च्या गुजरात दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या ‘कबीर कला मंच’चे हे दोघे कलावंत. सचिन कवी आणि शाहीर, शीतलचा आवाज पहाडी. सत्यशोधक जलसे आणि त्यांच्या पाठोपाठ आलेले आंबेडकरी जलसे यांचा वारसा त्यांनी उचलला होता. जात, अत्याचार आणि वस्तीतले जगणे हा त्यांच्या गाण्यांचा विषय. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटामुळे शीतलचा आवाज वस्त्यांबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

मे 2011 मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या कलावंतांवर माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून अटकसत्र सुरू केले आणि उरलेले भूमिगत झाले. आरोप त्यांनी नाकारले. 2 एप्रिल 2013 रोजी शीतल आणि सचिन मुंबईत विधान भवनासमोर प्रकट झाले. ही शरणागती नव्हे, सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. शीतल तेव्हा गरोदर होत्या. उच्च न्यायालयाने त्यांना जूनअखेर मानवतेच्या आधारावर जामीन दिला. सचिन यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत 2017 चा जानेवारी उजाडला. म्हणजे पावणेचार वर्षे कवी कारागृहात आणि गायिका बाहेर, तान्ह्या मुलासह. जोडीने गाण्याची किंमत इतकी रोखीत मोजल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळा. पुढे ‘नवयान महाजलसा’ या नावाने दोघांनी पुन्हा मंच उभारला. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, आहेतही. परंतु कडवे त्याचे आणि गळा तिचा ही वाटणी दोघांनी उघडपणे मांडली, हे नोंदवायला हवे. श्रोत्याला कोणी काय केले ते ठाऊक असते.

आता पुन्हा झाडीपट्टीकडे. येथे स्त्री-आवाजाला बिदागीच्या मंचावर आणण्यात दंडारीपेक्षा दुय्यम कव्वालीचा वाटा अधिक दिसतो. बुद्ध-भीमगीतांच्या कार्यक्रमांत एका बाजूला कव्वाल आणि दुसऱ्या बाजूला कव्वाला असा सामना लावण्याची विदर्भात जुनी पद्धत आहे. 14 एप्रिलच्या आसपास अशा कार्यक्रमांचे फलक वस्त्यावस्त्यांत लागतात. येथे सवाल पुरुषाचा आणि जबाब बाईचा, आणि ती बाई खरीच बाई असते. ती स्वतःची पार्टी घेऊन येते, तिचे नाव फलकावर पुरुषाच्या बरोबरीने छापले जाते आणि जबाब तोकडा पडला तर प्रेक्षक तिला सूट देत नाहीत. मात्र या सामन्यातले दोघे सहसा दोन वेगळ्या घरांतले, दोन वेगळ्या पार्ट्यांचे. संसारातला टोमणा तेथे अभिनयाचाच राहतो.

ब्लूजमध्ये ही चुरस घरातच असे. बटरबीन्स आणि सूझी या जोडीने 1917 मध्ये मंचावरच लग्न लावले आणि पुढील अनेक दशके नवरा-बायकोच्या भांडणावरच आपला कार्यक्रम चालवला. आजच्या काळात सुझन टेडेस्की आणि डेरेक ट्रक्स या दांपत्याने 2010 मध्ये दोघांचे वेगवेगळे चमू मोडून एकच मोठा चमू केला. त्यांच्या पहिल्या ‘रेव्हलेटर’ या संचाला 2012 मध्ये ब्लूजचे ग्रॅमी मिळाले. ती गाते, तो गिटार वाजवतो, आणि चमूच्या नावात तिचे आडनाव आधी येते.

परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून झाडीपट्टीच्या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष वळले आहे. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा असतो. त्या चार-पाच महिन्यांत खेळाचे फलक वाचत फिरावे. शाहिराचे, नायकाचे आणि नाच्याचे नाव ठळक अक्षरांत सापडते. घरी चाल सुचवणारी, गाण्यातला शब्द बदलून देणारी, पहाटे परतलेल्या पार्टीसाठी चूल पेटवणारी जी कोणी असेल, तिच्यासाठी त्या फलकावर अजून ओळ राखलेली नाही.