घराचे स्वप्न आणि खरा सल्ला



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी कोकणात ऐकली आणि येताना बरोबर आणली. येथे आल्यावर ‘घर पाहावे मश्कंता काढून’ असे तिचे रूपांतर करावेसे वाटते. इस्राएलमध्ये घरासाठी काढावयाचे हे गहाण-कर्ज पंचवीस-तीस वर्षे आपल्या ताटाशी बसून जेवते. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. मुंबईत अध्यापनाची पदविका घेतलेली आणि 1993 साली या देशात आलेली एक शिक्षिका आहे. गणित शिकविण्यात माझा जन्म गेला. तथापि गणित येणे निराळे आणि त्याचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य असणे निराळे, हे मी फार उशिरा शिकले. प्रथम तीच गोष्ट सांगते.

1997 साली माझ्या धाकट्या दिरांनी दक्षिणेकडील एका गावात घर घेण्याचे ठरविले. कापडाच्या गिरणीत त्यांची नोकरी होती आणि जादा कामाचे पैसेही बरे मिळत. हिशेब तपासण्यासाठी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी आकडेमोड केली. जादा काम वगळले तर हप्त्यात निम्म्याहून अधिक पगार जात होता, आणि कर्ज मदादशी, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाशी, जोडलेले होते. हे मला स्पष्ट दिसले. परंतु सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मेझुझा कोणत्या दिवशी लावावयाचा आणि मलिदा कोणाच्या हातून व्हावयाचा, याची बोलणी चालली होती. दिरांनी विचारले, “काय वाटते, वहिनी? जमेल ना?” मी म्हटले, “जमेल हो, होईल कसेतरी.”

पुढे जादा काम बंद झाले आणि 2002 साली गिरणीलाच टाळे लागले. त्याच वर्षी मदाद साडेसहा टक्क्यांनी चढला. हप्ते भरूनही कर्जाचा आकडा खाली येत नाही हे पाहून दिरांचा धीर सुटला. अखेर घर विकले गेले. विक्रीतून आलेली रक्कम कर्जाला पुरली नाही आणि उरलेली बाकी आरेव, म्हणजे जामीन, राहिलेल्या माझ्या यजमानांच्या अंगावर आली. ती आम्ही पाच वर्षे फेडली. पैसे फिटले. पण दीर आमच्या घरच्या मलिद्यास येईनासे झाले, ते आजतागायत. लाज त्यांना वाटते. वस्तुतः ती मला वाटावयास हवी, कारण उत्तर मला ठाऊक होते.

आंधळ्यापुढे अडथळा ठेवू नये, अशी आज्ञा तोरामध्ये वायिक्रा ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आपल्या विद्वानांनी तिचा अर्थ केवळ वाटेतल्या दगडापुरता ठेवला नाही. ज्या विषयात एखादा मनुष्य आंधळा आहे, म्हणजे अजाण आहे, त्या विषयात त्याला अहिताचा सल्ला देणे हाच तो अडथळा, असे त्यांनी सांगितले. येथे स्वार्थी सल्लागार तर दोषी ठरतोच. माझा काही स्वार्थ नव्हता. मी केवळ भिडेस्तव बोलले. पण ठेच लागली ती लागलीच.

आता आजचे नियम पाहू. 1997 मध्ये नव्हती अशी काही कुंपणे बँक ऑफ इस्राएलने 2012 आणि 2013 सालांत घातली. पहिलेच घर घेणाऱ्यास घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच मश्कंता मिळू शकते. मासिक हप्ता उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. येथे उत्पन्न म्हणजे हातात येणारा पगार वजा इतर दीर्घ मुदतीचे हप्ते. कर्जाची मुदत तीस वर्षांहून अधिक ठेवता येत नाही आणि निदान एक-तृतीयांश रक्कम स्थिर व्याजाची असावी लागते. नियम चांगले आहेत. परंतु हे कुंपण बँकेच्या शेताभोवती घातलेले आहे. आपल्या स्वयंपाकघराभोवती कुंपण आपणच घालावयाचे असते. बँक ‘हो’ म्हणाली याचा अर्थ बँकेचे पैसे सुरक्षित आहेत इतकाच. आपली चूल सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

याचे उदाहरण गेल्या वर्षी माझ्या घरीच घडले. आपल्या समाजातील एक तरुण जोडपे मुलाच्या वडिलांसह आले. दोन लहान मुले, दोघांचा मिळून हातात येणारा पगार 16,000 शेकेल. त्यात 2,000 मुलाच्या जादा कामाचे. घराची किंमत 12 लाख, मश्कंता 9 लाख. तीस वर्षांच्या मुदतीने आणि सरासरी 5.2 टक्के व्याजाने हप्ता सुमारे 4,940 होत होता. उरलेल्या तीन लाखांपैकी त्यांच्याजवळ एक लाख वीस हजार होते. एक लाख ऐंशी हजार ते दुसरीकडून सात वर्षांच्या कर्जाने आणणार होते. त्याचा हप्ता सुमारे 2,805, शिवाय मोटारीच्या कर्जाचा 1,100.

बँकेचा हिशेब असा: 16,000 मधून ते दोन हप्ते वजा केले की उरतात 12,095, आणि त्याचे 4,940 म्हणजे सुमारे 41 टक्के. मर्यादा पन्नासची, तेव्हा प्रकरण बसते.

घरचा हिशेब असा: तिन्ही हप्ते मिळून 8,845, म्हणजे 16,000 पगाराचे 55 टक्के. हाती उरतात 7,155. जादा काम थांबले तर 5,155. आरनोना, वाद-बाइत, वीज, पाणी आणि विमा यांचे आम्ही धरलेले 1,500 गेले की राहतात 3,655. त्यात चार माणसांचे जेवण, औषध, मुलांची शाळा आणि बसचे भाडे. दात दुखला तरी संसार कोलमडावा अशी ही स्थिती.

वडील म्हणाले, “बाई, तुम्ही एवढे म्हणा की हरकत नाही. मुलांना धीर येईल.” 1997 सालचा तो दिवानखाना माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी म्हटले, “काका, हरकत आहे. आज हे घर यांना परवडत नाही.” काका रागावले. चहा तसाच राहिला. पण मुलीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, हळूच विचारले, “मग परवडते किती, ते कसे ओळखायचे?”

प्रश्न उत्तम होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला स्वतःच काढता येते. मी त्यांना एक प्रयोग सांगितला. त्यांचे घरभाडे 2,900 होते. नव्या घराचे दोन हप्ते मिळून 7,745. दोहोंतील फरक 4,845. “घर घेतलेच आहे असे समजा. दर महिन्याला पगार झाल्याबरोबर हा फरक वेगळ्या खात्यात टाका आणि सहा महिने त्याला हात लावू नका. जमले तर माझा हिशेब चुकला असे मी काकांसमोर कबूल करीन.” चौथ्या महिन्यात प्रयोग थांबला. परंतु तो वाया गेला नाही. खरोखर 1,700 शेकेल महिन्याला बाजूला पडू शकतात, हे त्यांना कळले. 2,900 आणि 1,700 मिळून 4,600. हा त्यांचा खरा आकडा. मोटारीचे कर्ज फिटले की त्यात 1,100 ची भर पडेल. अंथरूण किती लांब आहे हे मोजल्यावाचून पाय किती पसरावे हे कसे कळणार?

व्याजाच्या चढउताराविषयीही सावध असावे. बँक ऑफ इस्राएलचा व्याजदर एप्रिल 2022 पर्यंत 0.1 टक्का होता. मे 2023 मध्ये तो 4.75 टक्क्यांवर गेला आणि नंतर काहीसा उतरला. ‘प्राइम’ हा दर त्याहून दीड टक्का अधिक असतो. म्हणजे प्राइम तेरा-चौदा महिन्यांत 1.6 वरून 6.25 वर चढला. सहा लाख शेकेलचे पंचवीस वर्षांचे कर्ज प्राइमवर असेल, तर पहिल्या दराने हप्ता सुमारे 2,430 आणि दुसऱ्या दराने सुमारे 3,960. घर तेच, भिंती त्याच, पण महिन्याला दीड हजार अधिक. ज्यांना 1984 सालची येथील महागाई आठवते, त्यांना हे सांगावयास नको. त्या एका वर्षी भाव चारशे टक्क्यांहून अधिक वाढले होते. तेव्हा कर्ज घेण्यापूर्वी विचारावे: ‘यातील किती भाग स्थिर व्याजाचा, किती प्राइमचा, किती मदादशी जोडलेला? आणि व्याज तीन टक्क्यांनी वाढले तर माझा हप्ता किती?’ ऑगस्ट 2022 अखेरपासून बँकांना तत्त्वतः मंजुरी देताना तीन ठराविक नमुने दाखवावे लागतात. त्यांतील एक संपूर्ण स्थिर व्याजाचा आणि मदादशी न जोडलेला असतो. दोन-तीन बँकांचे तेच नमुने शेजारी ठेवून तुलना करावी.

हप्ता बसत नाही असे दिसले की ‘मुदत वाढवू’ असे सुचविले जाते. त्याचीही किंमत असते. सहा लाखांवर पाच टक्के स्थिर व्याज धरले, तर वीस वर्षांचा हप्ता सुमारे 3,960 आणि तीस वर्षांचा 3,220. महिन्याला 740 वाचतात, पण एकूण परतफेड दोन लाखांहून अधिक वाढते. मुदत वाढविणे नेहमीच अयोग्य नव्हे. मात्र ती वाढवूनही श्वास घ्यावयास जागा उरत नसेल, तर ते घर आपले नव्हे असे समजावे. आज 20 टक्के द्या, उरलेले 80 टक्के ताबा घेताना, अशा जाहिरातींनाही हेच लागू आहे. ते 80 टक्के त्या दिवशी कोठून येणार, हे आज ठाऊक असावयास हवे.

सल्ला देणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा: “मी हे कर्ज घेतले नाही, तर आपले काही नुकसान होते काय?” बँकेतील माणूस सज्जन असतो, पण कर्ज देणे हा त्याचा व्यवसाय आहे. बांधकाम करणाऱ्याला घर विकावयाचे असते. पगारी सल्लागाराला त्याचे शुल्क कोण देतो, आणि कर्ज न झाल्यास ते मिळते की नाही, हे आधी विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही. आणि जामीन राहण्यापूर्वी स्वतःस विचारावे: ‘हे सारे मलाच भरावे लागले तर?’ उत्तर ‘अशक्य’ असेल तर सही करू नये. मिशले ग्रंथात शलोमो राजाने जामीनकीविषयी दिलेला इशारा आजही जुना झालेला नाही.

ज्यांचे हप्ते आजच जड झाले आहेत त्यांना कळकळीची विनंती आहे की लपवू नका. हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जा. काही काळ हप्ता थांबविणे, मुदत बदलणे, कर्जाची फेररचना करणे, हे मार्ग आरंभी मोकळे असतात. थकबाकी साचली की ते एकेक करून बंद होत जातात. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढू नका. ‘पामोनिम’ या संस्थेचे स्वयंसेवक कुटुंबाबरोबर बसून जमाखर्च बसवून देतात. त्यांचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. आणि खरोखरच झेपत नसेल, तर घर आपल्या हाताने, योग्य भावाने, वेळीच विकावे. सक्तीच्या विक्रीत भावही पडतो आणि मनही.

तोराने सावकाराला बजावले आहे की जाते किंवा जात्याचा वरचा दगडही गहाण घेऊ नये, कारण ते म्हणजे माणसाचे जीवनच गहाण घेणे. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. घरचा घाणा गेला की कर्ज फेडण्याचे साधनच गेले, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल. आपण तर कर्ज घेणारे आहोत. आपले जाते, म्हणजे रोजची भाकरी, झोप आणि भावाभावांतील येणेजाणे, आपणच आपल्या हाताने गहाण टाकू नये.

ते तरुण जोडपे अजून भाड्याच्याच घरात राहते. काका सिनेगॉगमध्ये भेटले की ‘शब्बाथ शालोम’ म्हणतात, पण थांबत नाहीत. सूनबाई मात्र थांबते आणि खात्यात किती जमले ते सांगते. आकडा लहान आहे, पण त्यांचा स्वतःचा आहे. ज्या दिवशी त्यांच्या दारावर मेझुझा लागेल, त्या दिवशी मला बोलावणे येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. दिरांना मात्र मी या लेखाची प्रत पाठविणार आहे, आणि सोबत एक ओळ: चूक तुमची नव्हती, आता मलिद्याला या.