तांड्यावर गोरमाटी, शाळेत मराठी

परभणी जिल्ह्यात जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातल्या बंजारा तांड्यावर जन्मलेलं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, आईला ‘याडी’ म्हणतं आणि भाकरीला ‘बाटी’. त्याचा बाप किराणा दुकानात मराठी बोलतो, मोबाइलवर गाणी हिंदीत वाजतात. सहाव्या वर्षी हे लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसतं, तेव्हा पुस्तक मराठी असतं आणि त्याच वर्षी ए-बी-सी-डीही सुरू होते. परभणी शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यातलं मूल घरी दखनी बोलतं, गल्लीत मराठी, आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत त्याला भेटणारी उर्दू घरच्या दखनीहून बरीच वेगळी असते. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मूल कसं वाढवावं, यावर अमेरिकेत पालकांसाठी कपाटभर पुस्तकं मिळतात. मराठवाड्यात तीन-तीन भाषांत लेकरं वाढतात आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही.

वाटते ती काळजी. ‘दोन भाषांत पोर गोंधळेल, ना धड ही येईल ना ती,’ हे वाक्य परभणीतही ऐकू येतं. एकेकाळी विज्ञानाचाही त्याला पाठिंबा होता. 1923 मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या प्रसिद्ध केल्या. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी खेड्यातली मुलं त्यात मागे पडलेली दिसली आणि दोष दोन भाषांच्या माथी बसला. शहरातल्या मुलांत असा फरक नव्हता, ही त्याच अभ्यासातली गोष्ट मात्र फारशी कुणी मनावर घेतली नाही. खेड्यातली गरिबी, शाळा आणि चाचणीची भाषा यांचा हिशेब न करता काढलेला तो निष्कर्ष होता. 1962 मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची मुलं तपासली. आर्थिक स्तर सारखा ठेवून तुलना केल्यावर फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं एकभाषी मुलांच्या पुढे निघाली. भारतात अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. एकाच समाजातली काही मुलं कुई आणि ओडिया दोन्ही बोलत, काही फक्त ओडिया. इथेही दुभाषी मुलांची कामगिरी सरस ठरली.

कान तर जन्मापासूनच तयार असतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 चा प्रयोग मराठी माणसाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे, कारण त्यात ‘त’ आणि ‘ट’ची परीक्षा होती. कॅनडातल्या इंग्रजी घरातलं बाळ आईच्या मांडीवर बसवायचं आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचं. आवाज बदलला की बाजूला एक खेळणं उजळून हलू लागतं. बाळाला हे उमगलं की अक्षर बदलल्याबरोबर ते मान वळवून खेळण्याची वाट पाहतं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं ‘ता’चा ‘टा’ झाला की मान वळवत. दहा-बारा महिन्यांची बहुतेक बाळं ढिम्म. इंग्रजीला त्या फरकाचं काम नाही, म्हणून वर्षभरातच कानाने तो सोडून दिलेला असतो. तांड्यावरच्या किंवा मोहल्ल्यातल्या बाळाच्या कानावर मात्र तो रोजच पडतो.

मग कार्टून लावून ठेवली की इंग्रजीसुद्धा कानात राहील का? पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये याचं उत्तर दिलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं बसवली. त्यांनी पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली, अशा बारा बैठका झाल्या. नंतर ही बाळं चिनी भाषेतले सूक्ष्म ध्वनी तैवानमधल्या बाळांइतकेच ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच बैठका पडद्यावर दाखवल्या. त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. मांडीवर मोबाइल देऊन ‘इंग्लिश राइम्स’ लावणाऱ्या घरांनी हा निकाल लक्षात ठेवायला हरकत नाही. डोळ्यात बघून बोलणारं माणूस लागतं, मग ते गोरमाटी बोलो की मराठी.

दोन भाषांची सरमिसळ हा दुसरा बागुलबुवा. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाशी फक्त फ्रेंच बोलायचं आणि जर्मन आईने फक्त जर्मन, असा नियम पाळून 1913 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हा मंत्र तिथूनच पसरला. तो पाळला तर चांगलंच, पण भारतीय घरात तो पाळणार कोण? आजी एक बोलते, शेजारीण दुसरं, आणि आई दिवसभरात तीन भाषांतून ये-जा करते. 1980 मध्ये शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिको मूळच्या लोकांचं स्पॅनिश-इंग्रजी मिश्र बोलणं तपासलं, तेव्हा ही सरमिसळ नियमाने चालते असं दिसलं. दोन्ही भाषांचं व्याकरण जिथे मोडणार नाही, बहुधा तिथेच बोलणारा भाषा बदलतो, आणि दोन्हींवर चांगली पकड असलेली माणसं तर वाक्याच्या मधोमधही सहज बदलतात.

अशी शतकानुशतकांची ये-जा झाली की भाषाच एकमेकींचं काहीबाही उचलतात. दखनीतला ठासून सांगणारा ‘च’ मराठीकडून आला आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांना मराठी, कानडी आणि उर्दू यांचे शब्द वेगळे पण वाक्यांची ठेवण जवळपास एकच आढळली. 1971 चा त्यांचा हा निबंध जगभर शिकवला जातो. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात जाऊन चित्र इतकं साधं नसल्याचं दाखवलं, तरी कुपवाडचं नाव भाषाशास्त्रात कायम झालं.

घरात आणि गल्लीत इतकं सुरळीत चालणारं काम शाळेत का अडतं? कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. नव्या भाषेत खेळण्या-भांडण्यापुरतं बोलणं मुलाला साधारण दोन वर्षांत जमतं. त्याच भाषेत धडा समजून उत्तर लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. तांड्यावरचं मूल दुसरीत मैदानावर फाडफाड मराठी बोलतं, म्हणून गुरुजी निश्चिंत होतात. चौथीत ‘एका शेतकऱ्याने 12 क्विंटल कापूस विकला, त्यापैकी एक तृतीयांश…’ असं शाब्दिक उदाहरण आलं की ते अडतं, आणि शेरा बसतो की गणित कच्चं आहे. कापूस त्याने वेचलेला असतो, ‘त्यापैकी’ मात्र घरात कुणी म्हणत नाही.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे ‘सेमी’ वर्ग गावोगावी निघाले. पालकांची त्यामागची इच्छा समजण्यासारखी आहे. पण गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी ‘सेमी’ म्हणजे दुसऱ्या भाषेचा पाया ओला असतानाच तिसरीची भिंत.

उलट उदाहरणंही आहेत. क्युबातून आलेल्या निर्वासितांच्या मुलांसाठी 1963 मध्ये मायामीच्या कोरल वे शाळेत अर्धा दिवस स्पॅनिश आणि अर्धा दिवस इंग्रजी असा प्रयोग सुरू झाला. स्थानिक इंग्रजी बोलणारी मुलंही त्याच शाळेत स्पॅनिश शिकत होती, त्यामुळे कुणाची भाषा कमी प्रतीची ठरली नाही. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले गेले, तेव्हा पोरं कानडी बोलत होती. त्यांनी कानडी शिकून पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणली. 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला तेव्हा बातम्यांत क्यूआर कोड जास्त झळकला. खरं नवल गुरुजींनी पोरांची भाषा शिकण्याचं होतं.

मराठवाड्याला घरची आणि शाळेची भाषा वेगळी असण्याचा अनुभव जुना आहे. निजामाच्या राजवटीत सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा होता आणि 1918 साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. एकाहून जास्त भाषांचा उपयोग शाळेपुरताच नाही, म्हातारपणीही होत असावा: त्याच हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले. 2013 साली आलेल्या निष्कर्षानुसार, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. दुभाषी मुलांचं लक्ष जास्त एकाग्र असतं, हा दावा मात्र पुढच्या अनेक प्रयोगांत टिकला नाही. तेव्हा दुसरी भाषा म्हणजे बुद्धीचं टॉनिक, अशी जाहिरात कुणी केली तर सावध असावं.

गोरमाटीचं दुखणं वेगळंच आहे. 2011 च्या जनगणनेत लमाणी, म्हणजे गोरमाटीच, ही मातृभाषा सांगणारे देशात 32 लाखांहून जास्त लोक होते, पण त्यांची संख्या हिंदीच्या खात्यात मिळवली जाते. शिवाय ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास तांडा सोडतात, काही कर्नाटकापर्यंत पोचतात, आणि सोबत गेलेल्या लेकरांची शाळा तितके महिने सुटते. कमिन्स यांच्या पाच-सात वर्षांचा हिशेब तिथेच लांबतो.

जिथे अंगणवाडी सेविका तांड्यावरचीच आहे, तिथे ती मुलांशी गोरमाटीत बोलते, गाणी मराठीत म्हणवून घेते आणि गोष्ट दोन्हीत सांगते. पहिलीच्या वर्गात ही सोय एकदम बंद होते. ती आणखी दोन-तीन वर्षं चालू ठेवायला फार खर्च येत नाही: मुलाला उत्तर आधी गोरमाटीत सांगू द्यायचं, मग ते मराठीत कसं म्हणायचं ते फळ्यावर लिहायचं. गुरुजींना गोरमाटी येत नसेल, तर वर्गात ती येणारी वीस पोरं बसलेलीच असतात.