एस.टी. का थांबली होती?



आमच्या गावात एस.टी. दिवसातून तीनदा येते. सकाळी, दुपारी आणि रात्री मुक्कामाला. पुढच्या वर्षी मी पाचवीत जाणार. मग मला सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात एस.टी.नेच जावे लागेल. म्हणून मी एस.टी.ची माहिती गोळा केली. तेव्हा मला कळले की एकदा ही गाडी जवळजवळ सहा महिने नीट धावतच नव्हती. तेव्हा मी लहान होतो, मला काही आठवत नाही. ही माहिती मला आमच्या आळीतल्या कंडक्टर मामांनी, ताईने आणि बाईंनी सांगितली.

पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. गाड्या जिथे ठेवतात, धुतात आणि दुरुस्त करतात त्या जागेला डेपो म्हणतात. महाराष्ट्रात सुमारे २५० डेपो आहेत.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एस.टी.च्या कामगारांनी संप सुरू केला. संप म्हणजे सगळ्यांनी मिळून काम बंद ठेवणे. नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळे डेपो बंद झाले. तेव्हा एस.टी.त ९० हजारांहून जास्त कामगार होते. त्यांचे म्हणणे होते की आमचा पगार कमी आहे आणि तोही वेळेवर होत नाही. एस.टी. हे महामंडळ आहे. तिकिटाच्या पैशांतून त्याचा खर्च चालतो. कोरोनात गाड्या बंद होत्या, मग पैसे कुठून येणार? म्हणून कामगार म्हणाले, आम्हाला सरकारी नोकर करा. याला विलीनीकरण म्हणतात. हा शब्द मला तीनदा लिहून पाठ करावा लागला.

मग हजारो कामगारांना निलंबित केले, म्हणजे काही दिवस कामावर यायचे नाही. पुढे हजारोंना बडतर्फ केले, म्हणजे नोकरीच गेली. मी मामांना विचारले, "माणसं काढली तर दुसरी घेऊन गाडी का सुरू केली नाही?" मामा हसले. म्हणाले, "बाळ, ड्रायव्हर काय बाजारात मिळतो व्हय?" मोठी गाडी चालवायला वेगळे लायसन आणि बिल्ला लागतो. घाटात गाडी कशी उतरवायची ते शिकावे लागते. गाडीला ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक असे तिघेही लागतात. एक जरी नसला तरी गाडी हलत नाही. काढलेले कामगार डेपोच्या दारात आणि मुंबईला आझाद मैदानात बसले. गाड्या आत उभ्या राहिल्या. काही ठिकाणी पोलीस बंदोबस्तात थोड्या गाड्या सुटल्या, पण काहींवर दगड पडले. ते मला बरे वाटले नाही, कारण आत माणसे असतात.

सरकारने खाजगी गाड्यांना माणसे न्यायला परवानगी दिली. आमच्या इकडे वडाप होते, पण त्यात पास चालत नाही. ताई तेव्हा आठवीत होती. मुलींना एस.टी.चा पास फुकट असतो. ताईजवळ पास होता पण गाडी नव्हती. ती आणि तिच्या मैत्रिणी चालत शाळेला गेल्या. आजी डोळे दाखवायला तालुक्याला जाणार होती, तीही राहिली.

एकदा ताईने मामांना विचारले, "मामा, गाडी कधी सुरू करणार?" मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनाही पगार नव्हता. मामी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जात होती. ताई म्हणते, तेव्हापासून मला मामांचा राग येईना.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली. कमी नोकरी झालेल्यांना ५००० रुपये, त्याहून जास्त झालेल्यांना ४००० आणि सगळ्यांत जुन्यांना २५०० रुपये. काही कामगार परत आले, पण पुष्कळ जण विलीनीकरणासाठी बसून राहिले. तिघांच्या समितीने विलीनीकरण जमणार नाही असे सांगितले. शेवटी मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितले की २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या. जे येतील त्यांची नोकरी जाऊ देऊ नका, असेही सांगितले. मग कामगार हजर झाले. विलीनीकरण झाले नाही.

आमच्या गावात पहिली गाडी आली तेव्हा आजीने चाकासमोर नारळ फोडला. मामाच कंडक्टर होते. त्यांनी ताईला पुढची जागा दिली.

कंडक्टरने एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. मला वाटते, कामगारांचे म्हणणे एका घंटीलाच ऐकले तर गाडी सहा महिने थांबणार नाही. आणि कामगारांनीही चालत जाणाऱ्या मुलींची आठवण ठेवावी. पुढच्या वर्षी मी गाडीत बसेन तेव्हा आधी मामांना नमस्कार करीन.

— इयत्ता ४ थी