लांब रोटीची ग्रीक मावसबहीण

पाककृतींच्या पुस्तकात परदेशी पदार्थ दिसला की भंडारा, तुमसर, साकोलीकडची गृहिणी आधी सामानाची यादी वाचते आणि मग पान उलटते. 'स्पानाकोपिता' या ग्रीक पदार्थाचे हमखास असे होते. यादीत पहिले नाव फिलो शीट्स, दुसरे फेटा चीज, तिसरे ऑलिव्ह ऑईल. पालक चौथा, तेवढाच काय तो ओळखीचा. आता मागवले तर नागपूरहून सगळे येते, हे खरे. पण गोठवलेल्या फिलोचे पाकीट मे महिन्याच्या उन्हात साठ किलोमीटर आणायचे म्हणजे घरी पोचेपर्यंत सगळी पाने एकमेकांना चिकटून बसलेली. एवढा उपद्‌व्याप कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे.

पण ती यादी शहरातल्या दुकानाची आहे, पदार्थाची नाही. पदार्थ ज्या बायकांनी घडवला त्यांच्याकडे यातले काहीच पाकिटात नव्हते. त्यांच्याकडे जे होते ते नीट पाहिले तर लक्षात येते की त्यातले बरेचसे आपल्या झाडीपट्टीतही आहे, किंवा कालपरवापर्यंत होते.

आधी नावांचा उलगडा करू. 'स्पानाकी' म्हणजे पालक. शब्द फारसी 'अस्पनाख'वरून गेलेला, कारण ही भाजीच मूळची इराणकडची. 'पिता' म्हणजे सारण भरून भाजलेली पोळी, तिचा वडिलांशी संबंध नाही. 'फिलो' म्हणजे चक्क पान. आपण पळसाच्या, केळीच्या पानाला पान म्हणतो, ते पिठाच्या पातळ पापुद्र्यालाही पान म्हणतात. आणि फेटा हा डोक्याला बांधायचा नव्हे. 'काप' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ते नाव आले.

ही पोळी राजवाड्यातली नाही. वायव्य ग्रीसमधला एपिरस हा डोंगराळ मुलूख अशा पोळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. धान्य बेताचे, शेळ्या-मेंढ्यांचे दूध आणि डोंगरावर मिळेल तो पाला, असा तिथला संसार. थोड्या पिठात पुष्कळ पाला बसवून घरभराचे पोट भरायचे आणि उरलेला तुकडा फडक्यात बांधून शेतावर न्यायचा, हा तिचा खरा उपयोग. ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे उपास असतो. त्यात दूध, चीज, अंडी वर्ज्य. तेव्हा हीच पोळी नुसत्या पाल्याची आणि तेलाची होते. दुसऱ्या महायुद्धात, 1941-42 च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या दिवसांत रानातला पाला ओळखता येणे हे कित्येक घरांत जगण्याचे साधन झाले होते.

तर पालक हा या पोळीतला एक पाला, एकमेव नव्हे. ग्रीक बायका तिच्यात काय काय घालतात ते पाहण्यासारखे आहे. 'व्लिता' म्हणजे आपल्या चवळईच्या, माठाच्या कुळातली भाजी. 'ग्लिस्त्रिदा' म्हणजे घोळ. अगदी तीच, बांधावर पसरणारी, मांसल पानांची, चिमणीच्या जिभेसारखी. 'लापाथो' ही आपल्या चुक्याच्या कुळातली. आणि पालकाच्या पोळीत जवळजवळ हमखास पडणारी सुगंधी भाजी म्हणजे शेपू. अर्धे घर ज्याच्या वासाने नाक मुरडते तोच शेपू! तो वगळला तर पोळी होते, पण ग्रीक राहत नाही. ज्यांना तो अजिबात चालत नाही त्यांनी सांबार घालावा (पुणे-मुंबईकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). जाता जाता सांगायचे तर, आपल्या बाजारात पालक म्हणून जी जुडी मिळते ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बहुतेक वेळा बीटाच्या जातीची असते. ग्रीकांचा पालक तिचा चुलतभाऊ. पोळीला त्याने काही बिघडत नाही.

आठवडी बाजारात फिरताना एक गोष्ट सहज दिसते. पालक, मेथी, कोबीचे ढीग मधोमध आणि चवळई, घोळ, पातूर, पावसाळ्याच्या तोंडाला कोवळा तरोटा घेऊन बसलेल्या बाया अगदी कडेला. त्यांच्यापुढे फडक्यावर चार वाटे. हा पाला त्यांनी धुऱ्यावरून, तलावाच्या पाळीवरून, बांधीच्या कडेने खुडून आणलेला असतो. माजी मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात ओल्या पाळींना तोटा नाही, त्यामुळे पाल्यालाही नसावा. पण धानाच्या बांधीत आता निंदणाच्या जागी तणनाशक आले. ज्याला शेतीशास्त्र तण म्हणते त्यातले निम्मे या बायांच्या लेखी भाजी. कुठल्या धुऱ्यावर फवारणी झाली आणि कुठल्या नाही हे ज्याचे शेत त्यालाच ठाऊक. खुडणारीने कोणाच्या भरवशावर खुडायचे? म्हणून कडेची जागा दरवर्षी थोडी थोडी आक्रसते. मला विचाराल तर या पोळीसाठी दोन जुड्या पालक मधल्या ढिगातून घ्यावा आणि बाकीचा पाला कडेच्या फडक्यावरून, पण ओळखीच्या बाईकडून, कुठून खुडला ते विचारून.

आता पिठाकडे वळू. फिलोचे भय सगळ्यांनाच वाटते. वर्तमानपत्र खाली ठेवले तर अक्षरे दिसावीत इतके पातळ पान घरी कसे व्हायचे? पण हा प्रश्न भंडाऱ्यात पडावा याची गंमत वाटते. आपल्याकडची लांब रोटी, जिला कोणी मटका रोटी म्हणतात, ती दुसरे काय आहे? लोकवन गव्हाचे पीठ बारीक कापडातून गाळायचे. मीठ-पाणी घालून सैल भिजवायचे. मग परातीत आपटून, ओढून, तिंबून त्याला तार आणायची. पाण्याच्या हाताने गोळा उचलायचा, एका तळव्यावरून दुसऱ्यावर झुलवत मनगटापर्यंत, मनगटावरून कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अलगद सोडायचा. रोटी मोठ्या रुमालाएवढी होते. धानाच्या जिल्ह्यात गव्हाचे अप्रूप, म्हणून हा मान लग्नाकार्याचा, नाहीतर झणझणीत रश्श्याचा आणि आमरसाचा.

यामागचे शास्त्र दोन्ही देशांत एकच आहे. गव्हात जो चिवट अंश असतो तो पाणी आणि मळणे मिळाले की जाळ्यासारखा विणला जातो; मीठ त्याला बळ देते, विश्रांती त्याला सैलावते. कोंड्याचा कण राहिला तर तो पात्यासारखा तार कापतो, म्हणून पीठ वस्त्रगाळ हवे. लांब रोटी करणाऱ्या बाईला हे कोणी शिकवलेले नाही. ती पिठाला बोट लावते आणि सांगते, "अजून नाही आलं."

साम्य इथेच संपत असते तर मी एवढे लांबण लावले नसते. काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावर, पोंतस मुलखात, ग्रीक लोकांची जुनी वस्ती होती. 1923 साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि हे लोक आपली भांडीकुंडी घेऊन उत्तर ग्रीसमध्ये आले. येताना त्यांनी 'पेरेक' आणला. पेरेक म्हणजे पिठाचे मोठे पातळ पान, आधी लोखंडाच्या तव्यावर शेकून घेतलेले. आणि तो तवा आपल्यासारखा खोलगट नाही, घुमटासारखा फुगीर. पालथ्या मटक्याची पाठच म्हणा ना! ही शेकलेली पाने दूध-पाण्याने ओलावून, एकावर एक रचून, मध्ये चीज भरून त्यांची पोळी भाजतात. तुर्कस्तानातही 'सू बोरेक' नावाच्या प्रकारात पाने आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग थर देतात. म्हणजे कच्चेच पान हवे असा काही दंडक नाही. अर्धी शेकलेली लांब रोटी घेऊन तिच्या थरांत पाला भरला तर ती तडजोड ठरत नाही. तिला चांगली शंभर वर्षांची उदाहरणे आहेत.

अडचण आहे ती वेगळीच. लांब रोटी घालणारे हात आता मोजके उरले. ढाब्यावर किंवा लग्नाच्या कंत्राटात, धुरात उभ्या राहून मजुरीने रोट्या घालणाऱ्या बहुतेक बाया वयस्क असतात. त्यांच्या सुना-लेकींनी तवा-लाटण्यावर भागवले, आणि त्यात त्यांचे काय चुकले? ज्या कामाला मजुरीपलीकडे मान नाही ते पुढच्या पिढीने का उचलावे? गंमत अशी की हीच करामत एखाद्या हॉटेलात पांढरी टोपी घातलेला माणूस फिलोचे नाव घेऊन करतो तेव्हा लोक उभे राहून बघतात.

ज्यांना मटका साधत नाही त्यांच्यासाठी चिरोट्याची वाट आहे. मैद्यात थोडी कणीक, मीठ, चमचाभर तेल, लिंबाचे चार थेंब घालून घट्टसर भिजवावे, तासभर झाकून ठेवावे. लहान पुऱ्या लाटून प्रत्येकीवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावावा, पाच-सहा एकावर एक ठेवाव्यात आणि पापडाच्या बारीक लाटण्याने सगळ्यांची मिळून एकच मोठी पोळी लाटावी. ग्रीसमधल्या पुष्कळ घरी असेच करतात.

चीजचा प्रश्न थोडा अवघड आहे. फेटा मेंढीच्या दुधाचा, त्यात फार तर तीस टक्के शेळीचे; विरजण्याने गोठवून, मिठाच्या पाण्यात निदान दोन महिने मुरवलेला. हे नाव ग्रीसचे की सगळ्यांचे, यावर युरोपात मोठा तंटा झाला. 2002 मध्ये युरोपीय संघाने ते ग्रीसला राखून दिले, डेन्मार्क आणि जर्मनी कोर्टात गेले, 2005 मध्ये हरले. तेव्हा आपण घरी करू त्याला फेटा म्हणू नये हे बरे! आपले पनीर गरम दूध लिंबाने फाडून केलेले, अळणी आणि चवीला अबोल. पारशांचे टोपली पनीर फेट्याच्या जास्त जवळचे, पण ते इकडे कुठे मिळणार? मी सुचवीन ते असे : पाव किलो पनीरचे जाड तुकडे करावेत. एक लिटर पाणी उकळून गार करून त्यात सत्तर ग्रॅम मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर घालावे, त्यात तुकडे बुडवून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावेत. मग निथळून, हाताने कुस्करून त्यात अर्धी वाटी आंबटसर चक्का मिसळावा. मेंढीच्या दुधाचा उग्रपणा येत नाही, पण खारट-आंबट दोन्ही येते, आणि पाल्याला तेच हवे असते.

सारणाचा सगळा खेळ पाण्याचा आहे. पालक आणि इतर पाला मिळून एक किलो धुऊन, कोरडा करून, बारीक चिरावा. शिजवू नये. चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवावा आणि मग मूठमूठ घेऊन घट्ट पिळावा. किलोभर ढिगाचे दोन-तीन गोळे उरले की समजावे जमले. त्यात चार-पाच पातीचे कांदे, शेपूची लहान जुडी, मिरपूड, किंचित जायफळ, कुस्करलेले पनीर. चव इथेच बघावी, वरून मीठ सहसा लागत नाही. मग दोन अंडी फेटून घालावीत. अंडी चालत नसतील तर दोन चमचे बेसन. तळाला सुटणारे पाणी प्यायला ग्रीक बायका मूठभर तांदूळ टाकतात. आपल्याकडे राईस मिलची कणकी आहेच, ती धुऊन घातली की काम झाले.

भांड्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. ग्रीसमध्येही ही पोळी तांब्याच्या, आतून कल्हई केलेल्या मोठ्या ताटात भाजत. कल्हईवाला तिथेही गावोगाव फिरे, आणि त्याला म्हणत 'कलाइत्झिस'! अरबी 'कलई' तुर्कांमार्फत तिकडे गेली आणि आपल्याकडेही आली. मात्र घरातली पितळी परात यासाठी काढू नये. कथिल 232 अंशांना वितळते, गॅसच्या ज्योतीवर तेवढी उष्णता सहज होते; आणि कल्हई उडालेल्या पितळेत खारट-आंबट सारण म्हणजे कळकलेले अन्न. ॲल्युमिनियमचेही या सारणाशी फारसे पटत नाही. स्टीलचे जाड, पसरट ताट बरे.

ताटाला तूप लावावे. मटक्यावरून रोटी कच्चेपणा जाताच, डाग पडण्याआधी, उतरवायची आणि कापडात झाकून ठेवायची. तूप आणि फल्लीतेल निम्मेनिम्मे गरम करून ते प्रत्येक थराला लावत चार रोट्या खाली, कडा ताटाबाहेर लोंबत्या, मग सारण, वर तीन रोट्या, लोंबत्या कडा आत मुडपायच्या. वरच्या थरांवर सुरीने चौकोन आखायचे, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि नंतर कापताना पापुद्रे फुटत नाहीत. पाण्याचा एक हबका मारून 180 अंशांवर पाऊण तास. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर ताट ठेवून मंद आच आणि झाकणावर निखारे. एपिरसमध्येही लोखंडी घुमट झाकून त्यावर निखारे पसरत. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या आपल्या लोकांना ते समजावून सांगायला नको. रंग सोनेरी आणि टकटक केल्यावर कोरडा आवाज आला की उतरवावी.

लगेच कापू नये, वीस मिनिटे थांबावे. गरमपेक्षा ती कोमट जास्त चांगली लागते, आणि थंडीत दुसऱ्या दिवशी गारही. रोवणीच्या दिवसांत शिदोरीत न्यायची असेल तर पनीर आणि अंडी वगळावीत, कारण पावसाळी दमटपणात ती दुपारपर्यंत धड राहत नाहीत. नुसत्या पाल्याची आणि तेलाची करावी, ईस्टरच्या उपासातल्यासारखी. चवळई थोडी जास्त घ्यावी, चुका बेताने.